एकसष्टाचे थोरले मूळ

छत्तीसगडात भिलाईला लागूनच चरोदा हे गाव आहे. मुंबई-नागपूर-हावडा या लोहमार्गावर तेथे रेल्वेचे फार मोठे यार्ड असून देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या मालगाड्यांच्या वाघिणी तेथे जोडल्या आणि सोडविल्या जातात. प्रत्येक वाघिणीच्या अंगावर अकरा अंकी क्रमांक रंगविलेला असतो. त्यातील काही अंक वाघिणीचा प्रकार सांगतात, काही तिची मालकी कोणत्या रेल्वेकडे आहे ते सांगतात, काहींवरून तिच्या बांधणीचे वर्ष कळते. शेवटचा, अकरावा अंक मात्र स्वतः काहीच सांगत नाही. तो आधीच्या दहा अंकांवरून ठरावीक रीतीने काढलेला असतो, आणि त्याचे काम एवढेच, की क्रमांक उतरवून घेणाऱ्याच्या हातून एखादा अंक चुकला तर ती चूक उघडकीस यावी. लांबलचक संख्येच्या पोटात असा मेळ बसविता येतो. परंतु तो माणसाने आपल्या सोयीसाठी बसविलेला मेळ झाला. कोणीही न बसविलेला, संख्येच्या स्वभावातच असलेला मेळ ही याहून फार निराळी गोष्ट आहे, आणि तिचे एक अपूर्व उदाहरण याच लोहमार्गाच्या आश्रयाने सांगता येण्यासारखे आहे.

चरोद्याहून पश्चिमेकडे निघालेली मालगाडी दुर्ग, गोंदिया, नागपूर, भुसावळ अशी स्थानके मागे टाकीत चाळीसगावला येते. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी पाटण नावाचे स्थान आहे. आज ते पाटणादेवी म्हणून प्रसिद्ध आहे आणि तेथे जाणारे बहुतेक लोक देवीच्या दर्शनाला किंवा रानातील धबधबा पाहावयाला जातात. तेथील भवानीच्या जीर्ण मंदिरातील एका शिलालेखाकडे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे कीलहॉर्न यांनी तो साक्षेपाने संपादित केला. भास्कराचार्यांच्या घराण्याची विश्वसनीय वंशावळ आपल्याला मिळते ती या लेखातून. त्याच्याकडे शेवटी पुन्हा यावयाचे आहे. तूर्त त्या घराण्यातील सर्वांत थोर पुरुषाने सोडविलेल्या एका प्रश्नाकडे वळू.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग आहेत. लीलावती सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यातील भुंगे, हंस आणि कमळे यांनी कित्येक पिढ्यांना गणिताची गोडी लावली. बीजगणिताच्या वाट्याला तेवढी लोकप्रियता आली नाही. ते कठीण आहे हे एक कारण, आणि त्यातील सर्वांत सुंदर भागाला व्यवहारात काही उपयोग नाही हे दुसरे. तो भाग म्हणजे वर्गप्रकृती आणि चक्रवाल.

प्रश्न दिसावयास अगदी साधा आहे. एखाद्या संख्येचा वर्ग करावा, त्याला ६१ ने गुणावे, गुणाकारात १ मिळवावा. येणारी संख्या पुन्हा पूर्ण वर्ग झाली पाहिजे. तर मूळची संख्या कोणती? तिला भास्कराचार्य कनिष्ठ मूळ म्हणतात आणि उत्तरात येणाऱ्या वर्गाच्या मुळाला ज्येष्ठ मूळ म्हणतात. ६१ ही प्रकृती, आणि मिळवावयाचा १ हा क्षेप. एक धाकटे मूळ, एक थोरले मूळ. घरातल्या भावंडांची नावे द्यावीत तशी ही नावे आहेत.

श्रोत्यांनी ६१ च्या शेजाऱ्यांवर हा प्रयोग करून पाहावा. प्रकृती ६० असेल तर धाकटे मूळ ४ निघते: ४ चा वर्ग १६, साठ सोळे ९६०, त्यात १ मिळविला की ९६१, आणि हा ३१ चा वर्ग. प्रकृती ६२ असेल तर धाकटे मूळ ८ आणि थोरले ६३. प्रकृती ६३ असेल तर धाकटे मूळ नुसते १ आणि थोरले ८. पाटीवर दोन मिनिटांत उत्तर मिळते. मग ६१ चे उत्तर फार तर पाच-पन्नासच्या आत सापडेल असे वाटल्यावाचून राहत नाही. पण १ पासून १०० पर्यंत तपासले, १,००० पर्यंत तपासले, लाखापर्यंत तपासले, तरी एकही संख्या लागू पडत नाही. दर सेकंदाला एक संख्या, याप्रमाणे रात्रंदिवस कोणी तपासू लागला तर त्याला सात वर्षे आणि दोन महिने बसावे लागेल, आणि तेव्हा कोठे पहिले उत्तर त्याच्या हाती येईल. ते धाकटे मूळ आहे २२,६१,५३,९८०. आणि थोरले मूळ आहे १,७६,६३,१९,०४९, म्हणजे एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास.

यापेक्षा लहान उत्तर नाही. शंभराच्या आतील कोणत्याही प्रकृतीचे लहानात लहान उत्तर इतके मोठे नाही; ६१ हीच त्या सर्वांत दुर्घट. तिच्या दोन्ही बाजूंच्या संख्या इतक्या सरळ आणि हीच एवढी अडेल का, असे कोणी विचारील. मुळाच्या अपूर्णांकांचा विस्तार करीत गेले म्हणजे त्याचा उलगडा होतो, पण तो येथे सांगत बसण्यासारखा नाही. भास्कराचार्यांनी बीजगणितात चक्रवालाची उदाहरणे म्हणून दोनच प्रकृती निवडल्या, ६७ आणि ६१. त्यांतील ६७ चे उत्तर ५,९६७ आणि ४८,८४२ असे बरेच आटोपशीर आहे. ६१ त्यांनी योगायोगाने घेतली असे मानणे अवघड आहे. शिष्याची परीक्षा पाहावयाची तर कोणता दगड त्याच्या हाती द्यावा, हे त्या गुरूला पक्के ठाऊक होते.

आता या उत्तरापर्यंत ते पोहोचले कसे? ज्यांना गणिताचा कंटाळा असेल त्यांनीही हा भाग ऐकण्यासारखा आहे, कारण त्यात बेरीज, गुणाकार आणि भागाकार यांपलीकडे काही नाही.

सुरुवात एका चुकीच्या, पण जवळच्या उत्तरापासून करावयाची. धाकटे मूळ १ धरले तर ६१ मध्ये ३ मिळविल्यावर ६४ होतात, आणि ते ८ चा वर्ग. आपल्याला क्षेप १ हवा होता, मिळाला ३. हरकत नाही. आता अशी एक संख्या शोधावयाची, की ती ८ मध्ये मिळविली असता बेरजेला ३ ने निःशेष भाग जाईल, आणि शिवाय तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असेल. ही संख्या ७. आठ आणि सात पंधरा, त्याला ३ ने भागून ५. हे नवे धाकटे मूळ. सातांचा वर्ग ४९ हा ६१ पेक्षा १२ ने कमी, त्या १२ ला ३ ने भागून ४. हा नवा क्षेप, आणि तो उणे. ताळा पाहा: पाचाचा वर्ग २५, एकसष्ट पंचवीस १,५२५, त्यातून ४ वजा केले की १,५२१, आणि तो ३९ चा वर्ग. याप्रमाणे एका क्षेपावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, चाक फिरावे तसे फिरत राहावयाचे, म्हणून या रीतीचे नाव चक्रवाल. फिरता फिरता क्षेप १ वर येऊन ठेपतो.

६१ च्या बाबतीत मात्र चाक पुरते फिरविण्याचीही गरज पडत नाही. क्षेप ४ वर आला की तेथून थेट १ वर उतरण्याची आडवाट भास्कराचार्यांच्या पाचशे वर्षे आधी ब्रह्मगुप्ताने दाखवून ठेवली होती. त्याचा ब्राह्मस्फुटसिद्धांत ६२८ सालचा. दोन उत्तरांचा परस्परांशी विशिष्ट प्रकारे गुणाकार करून तिसरे उत्तर मिळवावयाच्या या युक्तीला ‘भावना’ असे सुरेख नाव आहे. ५ आणि ३९ या जोडीची तिच्याशीच वारंवार भावना केली असता ३,८०५ आणि २९,७१८ ही जोडी हाती येते. तिचा क्षेप उणे १ आहे. आता चिन्ह तेवढे उलटावयाचे राहिले. त्यासाठी आणखी एकच भावना: दोन्ही मुळांचा गुणाकार करून दुप्पट करावी, हे अखेरचे धाकटे मूळ; आणि थोरल्या मुळाच्या वर्गात धाकट्याच्या वर्गाची एकसष्टपट मिळवावी, हे अखेरचे थोरले मूळ.

येथे एक क्षण थांबून त्या दोन संख्या पाहाव्यात. २९,७१८ चा वर्ग आहे ८८,३१,५९,५२४. आणि ३,८०५ च्या वर्गाची एकसष्टपट आहे ८८,३१,५९,५२५. केवळ एकाचे अंतर! या दोन सख्ख्या शेजाऱ्यांची बेरीज म्हणजेच आपली संख्या, १,७६,६३,१९,०४९. म्हणजे या दहा अंकी राक्षसातून १ वजा करून त्याचे दोन भाग केले तर एकेक भाग पूर्ण वर्ग निघतो, आणि त्यात १ मिळवून दोन भाग केले तर एकेक भाग एका वर्गाची बरोबर एकसष्टपट भरतो. वाघिणीच्या अकराव्या अंकासारखा हा मेळ कोणी बसविलेला नाही. तो तेथे होताच.

उत्तराची खात्री मूळ प्रश्नात घालूनच करावयाची असेल तर थोरल्या मुळाचा वर्ग करावा लागतो. तो आहे ३११९८८२९८२८६०२६४४०१. एकोणीस अंक. स्वतः भास्कराचार्यांनी लीलावतीत एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंत दहादहा पटींनी वाढत जाणाऱ्या अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध हे त्यांतील अठरावे आणि शेवटचे. याचा अर्थ असा, की ६१ सारख्या क्षुल्लक दिसणाऱ्या संख्येने विचारलेल्या प्रश्नाचा ताळा पाहताना आचार्यांच्या स्वतःच्या नावांची यादी अपुरी पडते. ती एकतीस परार्धांच्याही पलीकडे जाते. रीत मात्र कोठेच अपुरी पडत नाही, आणि या विषयाचे खरे मोठेपण त्यात आहे. मोठी संख्या लिहिणे ही काही बुद्धीची गोष्ट नव्हे. एकावर हवी तितकी शून्ये कोणालाही देता येतात. सात वर्षांची वाट चार-पाच पावलांत चालून जाणे ही बुद्धीची गोष्ट होय.

आता समुद्रापलीकडचा वृत्तांत. १६५७ साली फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायाधिकारी आणि विख्यात गणिती फर्मा याने युरोपातील गणितज्ञांना आव्हान म्हणून हाच प्रश्न घातला. आपल्या फ्रेनिकल नावाच्या मित्राला लिहिताना त्याने फार श्रम पडू नयेत म्हणून मुद्दाम दोन लहान संख्या सुचविल्या, ६१ आणि १०९! यातील खोचकपणा उत्तर ठाऊक असणाऱ्यालाच कळेल, कारण १०९ चे थोरले मूळ पंधरा अंकी आहे. भास्कराचार्यांच्या उदाहरणानंतर ५०७ वर्षांनी तीच ६१ ही संख्या पुन्हा परीक्षेला बसविली गेली. इंग्लंडात ब्राउंकर आणि वॉलिस यांनी सर्वसाधारण रीत शोधून काढली. पुढे ऑयलरने काही गैरसमजाने या समीकरणाचे श्रेय जॉन पेल या इंग्रज गणितज्ञाला दिले, आणि ज्याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता त्याचेच नाव त्या समीकरणाला आजतागायत चिकटून राहिले आहे.

हा प्रश्न भारतातून युरोपात गेला काय? त्याला पुरावा नाही. फर्माच्या आव्हानापूर्वी तेवीस वर्षे, १६३४ साली, बीजगणिताचे फारसी भाषांतर झाले होते हे खरे. ते अताउल्ला रशीदी याने शाहजहानच्या काळात केले. ताजमहालाचा शिल्पकार उस्ताद अहमद लाहोरी याचा हा पुत्र, आणि औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा याच अताउल्लाची रचना मानली जाते. पाटणच्या डोंगराच्या अलीकडे भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा मठ आणि पलीकडच्या शहरात त्यांच्या भाषांतरकाराने उभारलेली वास्तू, हा योग मोठा मौजेचा आहे. पण फारसी पोथी तुलूझपर्यंत पोहोचली असे म्हणण्यास आधार नाही. इंग्रजी वाचकांना बीजगणित नीट समजले ते कोलब्रुकच्या १८१७ च्या भाषांतरामुळे. फर्माने ६१ निवडली ती स्वतःच्या हिशेबाने. लहान प्रकृतींत सर्वांत अवघड कोणती, याचा शोध घेणारा कोणीही प्रामाणिक माणूस तिच्यापाशीच येऊन थांबतो.

स्वदेशाभिमानाच्या भरात दोन गोष्टी विसरल्या जातात, त्या येथे सांगितल्या पाहिजेत. चक्रवाल ही भास्कराचार्यांचीच संपूर्ण निर्मिती नव्हे. त्यांच्या पूर्वी जयदेव नावाच्या गणितज्ञाला ती रीत अवगत होती. उदयदिवाकराने १०७३ साली लिहिलेल्या टीकेत जयदेवाचे श्लोक उतरवून घेतलेले आहेत, आणि कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ साली ते प्रकाशात आणीपर्यंत जयदेवाचा हा पराक्रम विद्वानांच्या दृष्टीआड होता. दुसरी गोष्ट अशी, की चाक फिरविले असता ते प्रत्येक प्रकृतीच्या बाबतीत क्षेप १ वर येईलच, याची सिद्धता जयदेवाने दिली नाही आणि भास्कराचार्यांनीही दिली नाही. प्रत्येक प्रकृतीला उत्तर असतेच हे प्रथम सिद्ध केले ते लाग्रांज याने, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. खुद्द चक्रवाल कधीही फसत नाही, हे दाखविण्याचा मान म्हैसूरच्या अ. अ. कृष्णस्वामी अय्यंगार यांच्याकडे जातो. १९३० च्या आसपास त्यांनी हे काम केले. कवी आणि लोकसाहित्याचे अभ्यासक ए. के. रामानुजन हे त्यांचेच चिरंजीव. रीत आणि तिची सिद्धता यांच्यामध्ये साडेआठशेहून अधिक वर्षांचे अंतर पडले. रीत अचूक होती. ती अचूक का, हा प्रश्न आपल्या परंपरेत पुढे नेला गेला नाही. टीकाकार पुष्कळ झाले. कृष्णदैवज्ञांसारख्यांनी बीजगणितावर विद्वत्तापूर्ण विवरण लिहिले. परंतु ज्या उंचीवर ११५० साली भास्कराचार्य उभे होते तेथून वर चढण्याचा प्रयत्न बहुधा झाला नाही. हे वैगुण्य लपविण्यात अर्थ नाही.

मात्र ती उंची टिकवून धरण्यासाठी काही लोकांनी काय केले, याची साक्ष पाटणच्या शिलालेखात आहे. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल याने आपल्या दरबारी नेले. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आपल्या आजोबांच्या शास्त्राचा प्रसार व्हावा म्हणून पाटण येथे मठ स्थापन केला, आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेव याने १२०७ साली ग्रहणाच्या पर्वकाळी त्या मठाला दान दिले. मठात शिकवावयाचे काय, तेही लेखात स्पष्ट आहे: सिद्धांतशिरोमणी आदी भास्कराचार्यांचे ग्रंथ आणि त्यांच्या वंशातील इतरांचे ग्रंथ. यात बीजगणित आलेच. तेव्हा सातमाळ्याच्या या पायथ्याशी धूळपाटीवर बोटाने अंक काढीत ६१ चे थोरले मूळ शोधणारी मुले बसत असली पाहिजेत.

लेखाचा वरचा भाग संस्कृतात आहे. राजांची वंशावळ, आचार्यांच्या घराण्याची स्तुती, दानाचा प्रसंग हे सर्व त्या भाषेत. पण मठाचा चरितार्थ चालावयाचा कशावर, हे सांगण्याची वेळ आली तेव्हा लेख मराठीत बोलू लागतो. ज्ञानेश्वरीच्या पूर्वी ऐंशीहून अधिक वर्षे दगडावर कोरलेली ही मराठी आहे. ज्यांना पैसे आणि जिन्नस द्यावयाचे होते त्या लोकांना ते समजले पाहिजे, एवढा व्यवहार लेख लिहविणाऱ्याला कळत होता. पाटणच्या बाजारात विक्रीस येणाऱ्या मालावरचा हक्क मठाला दिलेला आहे. गावात जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांपासून घाण्यामागे एकेक पळी तेल मठाला द्यावे, असेही त्यात म्हटले आहे.

पंचांग करण्यासाठी ६१ च्या थोरल्या मुळाची गरज नव्हती. थोरल्या मुळाला धाकट्याने भागले तर ६१ चे वर्गमूळ दशांशाच्या सतरा स्थळांपर्यंत बिनचूक मिळते, पण इतक्या सूक्ष्मतेचे काम बाराव्या शतकात कोणालाच पडत नव्हते, घाणेवाल्याला तर नव्हतेच. तरी त्याच्या घाण्यातून पळीभर तेल त्या मठात जावे असे ठरले होते, आणि ते ठरल्याचे त्याच्याच भाषेत दगडावर लिहून ठेवलेले होते.